केसवाल्यांची बाजू

आई, रहाटणीतल्या आपल्या घराच्या पुढच्या खोलीत तुझं पार्लर होतं, तिथे आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. परवा तिथून जाताना थांबलो. दुकानात कुठलंसं इंग्रजी गाणं मोठ्यानं चाललं होतं, आणि मला तुझ्याशी बोलावंसं वाटलं.

लातूर सोडून आपण इथे आलो, पप्पा कंपनीत मशीनवर लागले आणि तू कोर्स करून पार्लर थाटलंस. मी इंजिनिअरिंगला होतो, गिटार वाजवायचो. पार्लरच्या पडद्यामागे माझी खाट, खाटेवर टेपरेकॉर्डर. तेव्हा मला फक्त जुने रॉक बँड चालायचे. साधी जीन्स घालून उभे राहणारे, एकेक गाणं हळूहळू चढवत नेणारे, गिटारला हवा तेवढा वेळ देणारे. मग एका मित्रानं त्यांच्या नंतरच्या बँडची कॅसेट दिली. कव्हरवर फुगवलेल्या केसांचे, लिपस्टिक लावलेले, चमचमत्या कपड्यांतले पुरुष. मी पडद्याआडून म्हणालो, "हे गायला आलेत की नवरीचा मेकअप करून घ्यायला?" तू एका बाईच्या भुवया करत होतीस. दातांतला दोरा काढून म्हणालीस, "नवरीला मीच सजवते की रे. सजली म्हणून तिचं पाठवणीतलं रडणं खोटं असतंय का?" ती बाई एकच भुवई झालेल्या चेहऱ्यानं हसत सुटली. मी समजवायला गेलो, की जुने लोक गाणं रचतात, हे सरळ धृपदावर उडी मारतात, सगळ्यांनी ओरडावं म्हणून. तू म्हणालीस, "मग? आरतीला आपण काय करतो?"

कॉलेजच्या गॅदरिंगला आमच्या बँडनं नेमकं या केसवाल्यांचंच गाणं ठरवलं. तिघे एका बाजूला, मी एकटा दुसऱ्या. घरी येऊन सांगितलं, बँड सोडतोय. तुला ते पटेना. "मित्र सोडून एकटाच कुणापुढं वाजवणार हायस? आण सगळ्यांना इकडं." गॅदरिंगच्या दुपारी आम्ही चौघे तुझ्या पार्लरमध्ये ओळीनं बसलो आहोत. तू कंगव्यानं केस उलटे विंचरून फुगवतेस, वर स्प्रे मारतेस, खोलीभर तो गोडसर वास. माझा नंबर शेवटचा. मी तोंड पाडून बसलोय. "लाजायलास कशाला? हलू नको, काजळ डोळ्यात जाईल." माझी हनुवटी तुझ्या चिमटीत. दाढी यायला लागल्यापासून माझ्या चेहऱ्याला असा कुणाचा हात लागला नव्हता. तू संपवूच नयेस असं वाटत राहिलं.

स्टेजवर आलो तर हॉलभर हशा आणि शिट्ट्या. पहिलं कडवं कुणी ऐकलंच नाही. धृपद आलं तशी मागच्या बाकांवरची पोरं सुरात सूर मिसळू लागली, आणि दुसऱ्या वेळी तर अख्खा हॉल गात होता. पप्पा पहिली शिफ्ट करून युनिफॉर्मवरच आले होते. त्यांनी तुला विचारलं म्हणे, "यातला आपला कोणता?" तू म्हणालीस, "डावीकडचा. सगळ्यात देखणा." मी भेटायला खाली आलो तेव्हा पप्पा एवढंच म्हणाले, "राहू दे दोन दिवस असेच केस."

तू गेलीस तेव्हा मी चाकणला नुकताच नोकरीला लागलो होतो. तेरावं झाल्यावर माझ्या जुन्या कॅसेट काढल्या. त्या गाण्यांना सवड लागते, मन शाबूत लागतं. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. दोनतीन दिवसांनी कंपनीच्या बसमध्ये ड्रायव्हरशेजारच्या पोरानं केसवाल्यांचं एक संथ गाणं लावलं. तोच भडकपणा, तोच गळा काढणं. पण त्या माणसाला एकच गोष्ट म्हणायची होती, जाऊ नकोस, आणि ती तो आडपडदा न ठेवता पुन्हा पुन्हा म्हणत होता. मोशी येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून रडलो. शेजारचा म्हणाला, "भाऊ, पाणी देऊ का?" मी मान डोलावली. त्यानं झाकण उघडून बाटली पुढे केली.

आता मला टक्कल पडलंय. तू बघितलं असतंस तर आधी हसली असतीस आणि मग कसलं तरी तेल सुचवलं असतंस. कंपनीतल्या आमच्या बँडमध्ये नवी पोरं आहेत, तीही माझ्यासारखीच, जुन्या रॉकशिवाय बात नाही. केसवाल्यांना विदूषक म्हणतात, आणि मी त्यांच्याशी तावातावानं भांडतो. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, तेव्हा सांगून टाकतो. मला अजूनही जुनेच बँड जास्त आवडतात. पण वाद निघाला की तुझ्या बाजूनं बोलायला कुणी नसतं, म्हणून मी बोलतो.