नातीला वळण लावताना

सोमवार, ४ मार्च
आजपासून नातीला वळण लावायचं. सहा वर्षांची झाली तरी थँक यू म्हणायला कचरते. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर नुसती भुवई उचलायच्या, चाळीस मुली सरळ. मुलगा म्हणतो, आई, तू दुपारी तिला सांभाळतेस हेच खूप आहे. नाही. मूल घरात जे बघतं तेच उचलतं, हे त्याला पुन्हा सांगितलं.
सुनेशी कालपासून बोलत नाही. माझा निळा लोकरी स्वेटर तिनं मशीनमध्ये टाकला. आता तो बाहुलीला येईल. मी मात्र एक अक्षर बोलले नाही. रागावणं माझ्या स्वभावातच नाही.

बुधवार, ६ मार्च
नात दोनदा प्लीज म्हणाली. शिवाय आज्ञाधारक झालीय. आईला सांग, गॅस संपत आलाय, म्हटलं की धावत जाते. मी स्वयंपाकघरात, सून हॉलमध्ये, मध्ये आठ पावलं. उत्तर आलं, "आजींना सांग, मला ऐकू आलं." उद्धटपणा! मी शांत.

सोमवार, ११ मार्च, दुपारी ४
शाळेतून बोलावणं. मीच गेले. नात चार दिवस टीचरशी बोलत नाही. चित्राला स्टार मिळाला नाही म्हणून. काही हवं असलं की शेजारच्या मुलीला म्हणते, "टीचरना सांग, मला पाणी प्यायला जायचंय." टीचर समोर उभ्या असताना! त्यांनी हसू दाबत विचारलं, घरी कोणी असं करतं का हो? मी म्हटलं, आमच्याकडे कोणी आवाजसुद्धा चढवत नाही.
संगतीचा परिणाम. बाकावरची मुलगी बदलायला सांगून आले.

मंगळवार, १२ मार्च
मुलगा म्हणाला, आई, तिच्याशी एक वाक्य बोल गं. नाहीतर पोरीला दुपारचं पाळणाघरात ठेवायचं म्हणतेय ती.
पाळणाघर! दुपारी ती माझा कान धरून झोपते. तिचा बाप असाच झोपायचा. तिथे कोणाचा कान धरणार?
आजच बोलते.

मंगळवार, रात्री ९
बोलले नाही. पहिलं तिनं बोलायला हवं. उद्या सकाळी बघू.

शुक्रवार, १५ मार्च
मन मोठं केलं. नातीला म्हटलं, आईला सांग, आजी रागावलेली नाही. नात गेली, परत आली. "आई म्हणते, आजींना सांग, मग इथं येऊन सांगा."
गेले असते. गुडघे दुखत होते.

रविवार, १७ मार्च
काल सून नातीला पाळणाघर दाखवून आली. आज मुलानं सगळ्यांसमोर तिला विचारलं, दुपारी कुठे राहायचं, बाळा? मला खात्री होती. लाडू नाही, चॉकलेट नाही, निव्वळ प्रेम दिलंय मी.
ती म्हणाली, "पाळणाघरात. इथं मी फार दमते. सारखं इकडून तिकडे जावं लागतं."


सोमवार, १८ मार्च, दुपारी २
नात पाळणाघरात. सून रजेवर, हॉलमध्ये कपड्यांच्या घड्या घालतेय. मी आडवी पडले, झोप नाही. उठून चहा टाकला, सवयीनं दोन कप. हॉलच्या दारापर्यंत गेले, म्हटलं, "आईला सांग, चहा झालाय."
सुनेनं मान वर करून पाहिलं. मी तिच्या मागच्या भिंतीकडे पाहिलं.
चहा ओट्यावर गार झाला.