चादरीचं दुसरं टोक

अहो,

नमस्कार. मी मजेत आहे. जेवण जातं, झोपही लागते, बहुतेक. आईंचा गुडघा कसा आहे? धाकटी शाळेत जाताना रडत नाही ना?

"तिकडची सवय झाली की आमची सवय मोडेल," असं तुम्ही गमतीत लिहिलंत. गंमतच होती ना? मग कालचं ऐका.

इथे लॉन्ड्रीत मोठ्या चादरींच्या घड्या आम्ही दोघी-दोघी मिळून घालतो. काल टोकाला टोक जुळवताना मी समोरचीची बोटं धरली आणि धरूनच राहिले. ती ओरडली, "अगं, सोड की! मी काय तुझा नवरा आहे?" सगळ्या हसल्या, मीही हसले.

गच्चीवर घडी घालताना तुम्ही अशीच बोटं धरून ठेवता. लग्नात चारचौघांसमोर हात हातात दिला, पण मी खरी तुमची झाले ती त्या गच्चीवर. देवापुढे हात जोडताना मन जसं शांत होतं, तसंच तेव्हा होतं.

घरच्या चादरीची घडी एकट्याने घालू नका. मी येईपर्यंत चुरगळलेलीच राहू दे.

तुमचीच,
दुसरं टोक धरणारी