वेळ असेल तर या

तीर्थरूप काकांना पाळक पुतण्याचा प्रभूमध्ये सलाम.

तुमचा गुडघा आता कुरकुरत नसेल आणि म्हणून काकूही कुरकुरत नसतील, अशी आशा करतो. इकडे सगळे बरे. बायको माझ्याशी बोलते आहे, म्हणजे फारच बरे.

पाळकाने माणसं धरावीत, बाकीचा पसारा सोडावा, हे तुमच्या पत्रातलं वाक्य मी इतकं मनावर घेतलं, की खोलीच्या दारावर 'प्रार्थना चालू आहे' अशी पाटीच लावली. पूर्वी लोक नुसतं दार वाजवायचे. आता दार वाजवून प्रार्थना कधी संपणार तेही विचारतात. (बायकोने खिडकीतून डोकावून मी जागा आहे ना, याची खात्री करून घेतली. नव्हतो.)

पण खरा दोष माझ्या हातांचा, काही बिघडलेलं दिसलं की ते शिवशिवतात. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या जुन्या नर्सबाई गल्लीच्या टोकाला राहतात. त्या आता अंथरुणावरून उठायच्या नाहीत, हे डॉक्टरांच्या आधी त्यांना स्वतःलाच कळलं. त्यांनी मला निरोप धाडला, वेळ असेल तर या. मी लगेच निघालो, पण फाटकातच खजिनदारांनी गाठलं, की उपासनेत स्पीकर घूं घूं करतो. जरा बघू म्हणून मागचं झाकण उघडलं आणि मान वर केली तेव्हा दिवे लागले होते. दुसऱ्या दिवशी गायकमंडळाचा पंखा. तो सुरू झाल्यावर वारा कोणाला लागतो आणि कोणाला नाही, यावरून गायकमंडळात जुंपली, ती सोडवण्यात तिसरा दिवस गेला. (बंद होता तेव्हा निदान सगळे सारखेच घामाघूम होते.) नर्सबाईंचा निरोप पुन्हा आला, शब्दही तेच.

काल मनाचा हिय्या केला, काळी बॅग उचलली आणि मागच्या दाराने सटकलो. वाटेत खजिनदार दिसले, तर भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. नर्सबाईंच्या सुनेने पलंगाशेजारी पांढरा रुमाल अंथरून ठेवला होता. घरचे सगळे माना खाली घालून उभे. प्रभुभोजनाचा प्याला काढायला मी गंभीरपणे बॅगेत हात घातला आणि बाहेर आली पक्कड. पुन्हा घातला, तर टेस्टर. (दोन्ही बॅगा तुम्हीच दिलेल्या, एकाच दुकानातल्या. अर्धा दोष तुमचा.)

नर्सबाई इतक्या हसल्या, की सून पाणी घेऊन धावली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोपऱ्यात त्यांचा बंद पडलेला रेडिओ होता. सुटका झाल्यासारखा मी तिकडे वळलो. तेव्हा त्या म्हणाल्या, "राहू दे रे तो. बस इथे."

बसलो. काका, यंत्र उघडलं की बिघाड दिसतो, म्हणून मला यंत्र बरं वाटतं. त्या पलंगापाशी दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं आणि मला भीती वाटली. लहानपणापासून पाठ असलेलं स्तोत्रसुद्धा मध्येच अडलं. पुढची ओळ त्यांनी सांगितली. मग माझा हात हातात घेऊन त्या झोपी गेल्या. मी हललो नाही.

काकूंना सलाम.

तुमचा,
पाळक

ता. क. काकूंच्या चिठ्ठीवरून कळलं, की पसारा सोडण्याचा उपदेश करणारं तुमचं पत्र पेटीत पडायला उशीर झाला, कारण तुम्ही शेजाऱ्यांचं भिंतीवरचं घड्याळ उघडून बसला होता. हा रोग घराण्यातलाच दिसतो.

ता. क. पुन्हा : स्पीकर अजून उघडाच आहे, त्याचे स्क्रू दानाच्या ताटात आहेत आणि रविवार तोंडावर आलाय. पत्र मिळताच निघा, बारीक पेचकस आणा. मला जमणार नाही. निघताना नर्सबाई जाग्या झाल्या आणि 'उद्या ये' म्हणाल्या. वेळ असेल तर, असं या वेळी म्हणाल्या नाहीत.