कठड्याची खाट

२ नोव्हेंबर, रविवार

आईच्या नडगीवर पुन्हा काळंनिळं. मागच्या रविवारी गुडघ्याला होतं, ते आता पिवळं पडलंय, आणि हे नवीन. गाऊन वर करून बघितला म्हणून कळलं. शकुंतलाला विचारलं. आईला अंघोळ घालणं, भरवणं, सगळं हीच करते. तर म्हणे, "आजी खाटेला पाय घासतात, ताई." घासून असं होतं? मी काय आंधळी आहे?

ह्या वृद्धांच्या होमच्या डिसोझा मॅडम सुट्टीवर. रविवारी एक जबाबदार माणूस जागेवर असेल तर शपथ.

आईला विचारून उपयोग नाही. माझ्याकडेच बघून म्हणाली, "तू कोणाचा चेडू गो?" पोटच्या मुलीला विसरली, ठीक आहे, त्याची सवय झालीय. पण हिला कोणी मारलं तर ते सांगायलाही ही उरली नाही, हे मनातून जात नाही. जेवण गेलंच नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

दादाला फोन केला. "अगं, म्हाताऱ्या माणसांची कातडी नाजूक, लगेच डाग पडतात. तू राईचा पर्वत करतेस." म्हटलं, पार्ल्यातून बोरिवलीला ये आणि बघ. तर ह्याची मीटिंग. होम शोधलं त्याने, सह्या त्याच्या, माझ्या घराजवळ म्हणून फेऱ्या मात्र माझ्या. आपलेच दात आपलेच ओठ, बोलणार कोणाला.

ऑफिसातून होमला फोन लावला आणि ओरडले. मॅडम म्हणाल्या, "आमच्याकडे असं काही होत नाही." असं म्हणजे कसं? सरळ उत्तर नाही. शेवटी म्हणे, रात्री खाटेचे कठडे वर करून ठेवतो, आजी एकदम सेफ आहेत.

भेटीची वेळ संध्याकाळची. गुरुवारी सकाळी उजाडल्या उजाडल्या जाणार. न सांगता.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आजचं सगळं लिहून टाकते.

वॉचमन सोडेना. "अभी टाइम नहीं है." म्हटलं, आत माझी आई आहे, तुझी नाही. घुसलेच. जिन्यातच आईचा आवाज आला. खोलीत बघते तर आईचा एक पाय कठड्याबाहेर आणि शकुंतलाने तिला मागून आवळून धरलंय. माझं डोकंच सटकलं. काय काय बोलले ते लिहीत नाही. पोलिसांना बोलावते म्हणेपर्यंत गेले. शकुंतला रडायला लागली, पण आईला सोडलं नाही तिने. सोडलं असतं तर आई डोक्यावर पडली असती, हे मला नंतर सुचलं.

आणि आई काय म्हणत होती? "सोड गो माका! ते येतले आता. खाट मोकळी होयी."

खाट!

लहानपणी आमच्या भांडुपच्या खोलीत एकच लोखंडी खाट होती. अप्पा मिलमध्ये, कायम रातपाळी. सकाळी ते घरी यायच्या आत खाट झटकून, चादर घालून तयार पाहिजे. आम्ही पोरं बाहेर गॅलरीत वेण्या घालायचो, दप्तरं भरायचो, आवाज न करता. आई त्या खाटेवर कधी झोपलीच नाही. अप्पा गावी गेले तरी नाही. अप्पा वारल्यावर खाट पाव्हण्यांची झाली, आई खाली गोधडीवरच. माझ्याकडे होती तेव्हाही खालीच. म्हणजे ही बाई सकाळ झाली की नवऱ्यासाठी खाट मोकळी करायला कठडा चढतेय आणि नडगी आपटून घेतेय!

कोणी मारत नाही. माझ्या आईला कोणी मारत नाही. जीव भांड्यात पडला. शकुंतलाच्या गळ्यात पडून रडले, तीही रडली. आई आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत म्हणाली, "कोण गेला गो?"

७ नोव्हेंबर, शुक्रवार

खोबऱ्याच्या वड्या केल्या शकुंतलासाठी. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाले होते मी. आधी का नाही सांगितलंस, विचारलं. वडी हातात धरून खाली बघत म्हणाली, "ताई, तुम्ही लय ओरडता. मॅडम बोलल्या, आजी उतरतात, पडतात ते त्यांना सांगू नका, होम डोक्यावर घेतील."

घ्या! म्हणजे आई कठड्यावरून खाली आली, गुडघा फोडून घेतला, आणि माझ्या तोंडाला घाबरून सगळे गप्प. माझं तोंड वाईट आहे, मान्य. म्हणून आईचं पडणं लपवायचं? हे मी मॅडमना सोडणार नाही.

पण आमचं तरी काय? आईला ठेवलं त्या दिवशी मॅडमनी विचारलं होतं, आजी बेडवरच झोपतात ना? दादा छाती काढून, "म्हणजे काय! आमच्या आईला जमिनीवर झोपवतो की काय आम्ही?" मी शेजारी बसून मान डोलावली. खाली झोपते म्हटलं तर वाटायचं, पोरांनी आईला साधी खाट दिली नाही. खाट होती हो. तिलाच नको होती.

८ नोव्हेंबर, शनिवार

मॅडमशी बोलले. न ओरडता, म्हणजे बऱ्यापैकी. गादी खाली घाला म्हटलं. तर, "तसं नाही चालत ना. बाकीच्यांचे नातेवाईक येतात. आजी खाली दिसल्या की कोणीतरी फोटो काढणार, ग्रुपवर टाकणार, म्हातारीला जमिनीवर टाकलंय म्हणून." ह्यात खोटं काही नाही. सगळ्यात आधी फोटो मीच काढला असता.

नशिबाने डॉक्टरांचा येण्याचा दिवस होता. ते म्हणाले, झोपेत गडगडणाऱ्याला कठडा बरा. चढून उतरणाऱ्याला तो जास्त धोक्याचा, उंचावरून पडणार. गादी जाड पाहिजे, फरशी कोरडी पाहिजे, उठवायला माणूस पाहिजे. मॅडम तयार झाल्या, पण तात्पुरतं. पुढचं दादाने हो म्हटलं तरच, कारण सह्या त्याच्या.

निघताना सांगितलं, आई पडली, घसरली, काहीही झालं तरी त्याच दिवशी मला फोन. मी ओरडेन. तरी करायचा. हसल्या. "करू." निम्मा विश्वास बसला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

नवीन डाग नाही! दोन्ही पाय मी स्वतः तपासले. शकुंतला सांगत होती, आजी सकाळी गादीवरून उठून शेजारच्या रिकाम्या खाटेला धरून उभ्या राहतात, ती स्वतः मागेच उभी असते. चादर झटकतात, उशीवर थापटी मारतात आणि मग चहा मागतात. खाटेवर कोणी झोपलेलंच नसतं, तरी रोज झटकायची. झटकू दे. झकास चाललंय.

काल कितीतरी दिवसांनी मला झोप लागली. गजर वाजून बंद झाला, पत्ताच नाही.

दादाचा फोन. मॅडमनी त्याला कळवलंय. "आई जमिनीवर? लोक शेण घालतील तोंडात. मामाकडचे भेटायला आले तर काय सांगू? मी दुसरं होम बघतो." म्हटलं, बघ. पण आधी रविवारी ये, आणि नाही म्हणायचं तर आईसमोर म्हण.

पुन्हा नवीन जागा, नवीन माणसं, पुन्हा कठडे. कसं सोसेल तिला?

१६ नोव्हेंबर, रविवार

दादा आला.

आई खाली गादीवर, मी तिच्या शेजारी फतकल मारून. दारातच त्याने तोंड वाकडं केलं. "हे काय चालवलंयस तू?" टक्कल पडल्यापासून तो हुबेहूब अप्पा दिसतो. मला सवयीचं आहे, त्यामुळे लक्षातही येत नाही. आईने त्याला पाहिलं आणि तिचा हात डोक्यावर गेला. गाऊनला पदर कुठला, तरी गेला.

"इलात? खाट मोकळीच आसा. पडा जरा."

दादा माझ्याकडे बघायला लागला. कधी नव्हे तो एवढासा दिसला. मी नुसती मान हलवली, पड म्हणून. त्याने बूट काढले, कठडे खाली केलेल्या खाटेवर बसला, मग खरंच पडला. मी काहीतरी बोलायला गेले तर आईने माझ्या मांडीवर चापट मारली. "गप रव. तेंका झोपाक दी."

मग आम्ही दोघी लहानपणीसारख्या गप्प. दादाने डोळे मिटले होते, पण झोपला नव्हता. डोळ्यांतलं पाणी कानापर्यंत आलं होतं. मीही पुसलं नाही, त्यानेही नाही.

दादा येणार म्हणून मॅडम रविवार असूनही आल्या होत्या, त्या डोकावल्या. "सर, मग काय ठरलं?" आईने ओठांवर बोट ठेवून त्यांनाच गप्प केलं. मॅडम बिचाऱ्या पाय न वाजवता परत गेल्या.

संध्याकाळी दादा निघाला. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. "करतो फोन," एवढंच. पण जायच्या आधी खाटेची चादर त्याने स्वतः झटकली, कोपरे खोचले, उशीवर थापटी मारली, आणि मग बूट घातले.