शेवटच्या मिनिटाची शिट्टी

९ ऑगस्ट

ती. मामास,
मुंगळ्याचा सा. न. वि. वि.

सहा वर्षांनी हे अक्षर बघून तू भलतंच काही समजशील, म्हणून आधीच सांगते, घरी सगळे बरे आहेत. मला क्लबने घेतलंय, आता फुटबॉल हीच माझी नोकरी. खोलीत दोन खाटा, एक खिडकी आणि दोरीवर कायम ओले मोजे. दुसरी खाट आमच्या गोलकीपरची. ती बोलतानाही हात असे पसरते की कपबश्या मीच वाचवते.

काल सरावात प्रशिक्षकबाईंनी खेळ थांबवून विचारलं, समोरची हूल देते तेव्हा तू तिच्या पायांकडे न बघता चेंडूकडे बघतेस, हे कुणी शिकवलं. मी म्हटलं, माझ्या मामाने. घड्याळं दुरुस्त करतो आणि रविवारी पंच असतो. बाई म्हणाल्या, नशीबवान आहेस. मी वाकून बुटाची नाडी पुन्हा बांधली.

हे पत्र आईला माहीत नाही. तुझं नाव निघालं की ती अजून उठून भांडी आवरायला लागते. एकदाच विचारते. शाळांचा अंतिम सामना, बरोबरी, शेवटचं मिनिट. मी गोलपुढे अंग टाकून घसरत समोरच्या मुलीच्या पायातला चेंडू काढला आणि तू शिट्टी वाजवून पेनल्टी दिलीस. आम्ही हरलो. मामा, माझं चुकलं होतं का?

उत्तर धाड. प्रकृतीला जप.

तुझी भाची


२१ ऑगस्ट

चि. मुंगळ्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र आलं तेव्हा दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. त्याचं घड्याळ उघडं टाकून मी तीनदा वाचलं. तो शेवटी म्हणाला, काका, माझी वेळ तुमच्या टेबलावर पडलीय.

मुंगळा हे नाव माझंच. चेंडूला चिकटलीस की तुटशील, पण सुटायची नाहीस. गोदामामागचं मैदान आठवतं का? तू सात वर्षांची. सायकलच्या दांडीवर तू, मागे कॅरियरवर तुझी आई, तिच्या मांडीवर चेंडूची पिशवी. ती रेषेबाहेर बसून तुझे फाटके मोजे शिवायची आणि तू पडलीस की सुई दातांत धरून ताडकन उभी राहायची. मी सांगायचो, बचाव करणारं पोर पडणारच, खाली बस. पण तू उठेपर्यंत ती काही बसायची नाही. परतताना चढावर मी उतरून सायकल ढकलायचो आणि तुम्ही दोघी वर बसून मला हसायचात. तसं हसणं त्यानंतर माझ्या कानावर आलं नाही. आता तिथे ट्रक उभे राहतात.

पंचगिरी मी गेल्या वर्षी सोडली. गुडघा ऐकेना. तू विचारलंस त्याचं उत्तर पुढच्या खेपेला देतो. वेळेवर जेवत जा.

तुझा मामा


१४ ऑक्टोबर

ती. मामास,
सा. न. वि. वि.

पुढची खेप काही आली नाही. विषय टाळण्यात तू आणि आई, दोघं सख्खी भावंडं शोभता.

पहिले चार सामने खेळले, पाचव्याला बाई म्हणाल्या, बाकावर बस. गोलपुढच्या बॉक्सबाहेर तू वाघीण असतेस, असं त्या म्हणतात, आणि आत आलीस की दगड. खरं आहे ते. शाळांच्या त्या अंतिम सामन्यानंतर गोलपुढे मी एकदाही घसरलेले नाही. पाय टाकायला जावं तर कानात शिट्टी वाजते. चौथ्या सामन्यात त्यांची पोरगी माझ्या बाजूने सरळ निघून गेली आणि मी खांबासारखी उभी. गोल झाला. हे सुटलं नाही तर मोसम संपताना माझ्या जागी दुसरी येईल, असं बाईंनी स्पष्टच सांगितलंय.

म्हणून पुन्हा विचारते. चुकलं असेल तर सुधारेन. पण काय सुधारायचं ते तरी कळू दे.

तुझी भाची


१९ ऑक्टोबर

चि. मुंगळ्यास,
आशीर्वाद.

तुझं चुकलं नव्हतं.

मला नीट दिसलंच नाही. मधे एका मुलीची पाठ होती. तू जिच्याकडून चेंडू काढलास ती पोरगी पडली आणि सगळं मैदान माझ्याकडे बघायला लागलं. दुसरं कुणी असतं तर मी खेळ चालू ठेवला असता, कारण न दिसलेल्याची शिट्टी वाजवायची नसते. पण मनात आलं, लोक म्हणतील मामाने भाचीला वाचवलं. त्या भीतीने वाजवली. सामन्यानंतर रेषेवरच्या पंचाने सांगितलं, तुझा पाय आधी चेंडूलाच लागला होता. मी त्याला गप्प राहायला सांगितलं. निःपक्षपाती माणूस म्हणून त्या वर्षी माझा सत्कार झाला. ती शाल मी आजवर अंगावर घेतलेली नाही.

तुझ्या घरापर्यंत दोनदा आलो आणि कोपऱ्यावरूनच परत फिरलो. माफ कर असं लिहायलाही तोंड नाही. एवढंच सांगतो, तुझा पाय खरा होता. माझी छाती कच्ची पडली.

मामा


२३ नोव्हेंबर

ती. मामास,
सा. न. वि. वि.

चार दिवस तुझ्यावर इतकी चिडले होते की पत्र फाडायलाच घेतलं होतं. सामना हरल्याचं काही नाही रे. सहा वर्षं मी माझ्याच पायाला खोटं समजत होते.

मग बाईंकडे जाऊन म्हटलं, मला घसरायला पुन्हा शिकवा. महिनाभर रोज चिखलात लोळले. गोलकीपर म्हणाली, अंघोळीच्या पाण्याचं बिल तू भर.

परवा खेळवलं. पहिल्यांदा घसरले ती बॉक्सबाहेरच, आणि उशीर झाला, पाय चेंडूऐवजी त्यांच्या पोरीला लागला. पिवळं कार्ड. पंचबाईंचं बरोबर होतं, मला लगेच पटलं, आणि का कोण जाणे, बरं वाटलं. नंतर गोलपुढे त्यांची सगळ्यात वेगाने पळणारी एकटी समोर आली. मी गेले. चेंडू स्वच्छ निघाला, ती माझ्यावर कोसळली, आणि पंचबाईंनी खेळ चालू ठेवायची खूण केली. आम्ही एका गोलने जिंकलो. मला मात्र माझ्या पायाखालचं ओलं गवत तेवढं आठवतंय.

तुझं पत्र मी आईला पाठवलंय. न विचारता पाठवलं, रागव हवं तर.

तुझी भाची


२ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

लेकीने पाठवलेलं पत्र वाचलं. तू समजतोस तसा माझा राग त्या पेनल्टीवर नव्हता. मला खेळातलं काय कळतं? पोरगी गवतात बसून रडत होती आणि तू तिच्याकडे पाठ करून कोपऱ्यातले झेंडे गुंडाळत होतास. चारही झेंडे होईपर्यंत मी वाट बघितली. वाटलं, आता वळेल, आता येईल. तू आला नाहीस. या माणसाला पोरीपेक्षा काठ्या जवळच्या, असं धरून बसले. तुला वळायची लाज वाटत होती, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. लहानपणी काही फोडलंस की असाच भिंतीकडे तोंड करून उभा राहायचास. मला कळायला हवं होतं.

रविवारी तिचा सामना आहे. शेजारशेजारच्या खुर्च्यांचे दोन पास तिने मलाच धाडलेत. एवढी धूर्त कुणावर गेली, देव जाणे. खेळ मधेच का थांबतो ते मला अजून कळत नाही. सांगायला शेजारी कुणीतरी हवं. तुझी बस साडेनऊला येते, ते मी विचारून ठेवलंय. स्टँडवर उभी राहीन.

लोभ असावा असं लिहीत नाही. तो होताच.

तुझी धाकटी