कार्डातून गेलेली सुई

अहो,

तुमचं कंपनीचं कार्ड गेटवरच्या चैत्रामभाऊंच्या हातून पडलं म्हणून बिघडलं नाही. खिशातूनच दार ते ओळखतं, असं तुम्ही म्हणालात, म्हणून परवा मी ते शर्टाच्या खिशातच शिवलं. गोधडीची सुई कडेतून आरपार गेली. त्यात सेल नसतो, दाराच्या लहरींनी आतलं तारेचं वेटोळं जागं होऊन नंबर सांगतं, हे बाळाला पाजताना अर्धंच ऐकलं होतं. तीच तार तुटली. दार उघडेना म्हणून तुम्ही कार्ड खिशातून उसवून चैत्रामभाऊंच्या हाती दिलंत, ते त्यानंतर.

काल चैत्रामभाऊ दारात येऊन विचारत होते, "वहिनी, मन्हा हातथीन खरंच बिघडनं का?" मी नुसता चहा दिला.

तुम्ही केलेल्या तक्रारीवरून आज त्यांची चौकशी आहे. बाळ शेजारच्या भागाबाईंकडे झोपलंय. कार्ड आणि सुई घेऊन मी कंपनीत जातेय. उठलात की तक्रार मागे घ्यायला या. माझ्यावरचा राग घरी आल्यावर काढा.

विमल