खांदशेकणीची वाटी

बा, हे लिहून धाडणार कुठे, आणि धाडलं तरी तुला वाचता कुठे येत होतं? तरी लिहितो आहे.

विलायतेला कापूस कमी पडला म्हणे, आणि आपल्या वऱ्हाडात भाव चढला, ते वर्ष. अंजनगावापासून अमरावतीपर्यंत गाड्यांची रांग. मला घाई झालेली, आणि तू भरलेल्या गाडीचं जू आपल्या पांढऱ्या बैलाच्या मानेवरून काढून बसलास. "पांढरा 'नाही' म्हणून राह्यला. आज जुपू नोको त्याले." मी चारचौघांत हसलो. "बैल बोलते काय, बा? बोलते तो माणूस, बाकी सारे जनावर." तू एवढंच म्हणालास, "बोलते तो. तुले आयकू येत नाही." दुपारी पांढरा तापाने फणफणला. तू खरा ठरलास म्हणून मी आठ दिवस तुझ्याशी बोललो नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तुला लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. तोंडातून नुसतं "अं, अं" यायचं. कापसाचा दलाल ओसरीवर आला, त्याने तुझी चौकशी केली, तर मी तुझ्यादेखत सांगितलं, "त्याले आता काई समजत नाही." तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. ती पाठ आठवली की अजून जीव तुटतो.

मग पोळ्याची आदली संध्याकाळ. बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकायचे आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन द्यायचं, हे दरवर्षी तूच करायचास. त्या वर्षी वाटी माझ्या हातात. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," मी म्हणतो, आणि बाजेवरून तुझा डावा हात वर होतो. "अं, अं." तुझी सून पाणी आणते, तू ते लोटतोस. ती गोधडी आणते, तीही लोटतोस. तुझे डोळे वाहतायत. पांढरा माझ्या हाताखालून निसटतो, दाव्याला ताण देत बाजेपाशी जातो आणि मान खाली घालून उभा राहतो. तू कोरड्याच हाताने त्याचा खांदा चोळत राहिलास.

थंडी पडायच्या आत तू गेलास. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगत आलो, की तुला काय हवं होतं ते मला फार उशिरा कळलं. तुझी सून अजून हळहळते, "तवाच समजलं असतं तं."

खोटं आहे ते, बा. मला तेव्हाच कळलं होतं. अंगणात शेजारपाजारचे उभे होते, तुझी लाळ गळत होती, मला लाज वाटली. वाटी मी पाठीमागे लपवली.